चाळीस वर्तुळांचा हिशेब : कुरोसावा आणि लढाईच्या प्रसंगातला ताण

हाणामारीच्या प्रसंगांविषयी गंभीरपणे लिहिण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. समीक्षक कथेविषयी लिहितो, अभिनयाविषयी लिहितो, आशयाच्या खोलीविषयी तर भरभरून लिहितो. लढाई आली की मात्र 'साहसदृश्ये चांगली जमली आहेत' असे एक वाक्य टाकून पुढे सरकतो. जणू तो भाग दिग्दर्शकाचा नसून केवळ घोडेस्वारांचा आणि दारूगोळा पुरवणाऱ्यांचा आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पाठलाग, सुटका आणि लढाई या तीन प्रकारच्या प्रसंगांनी चित्रपटाला त्याचे व्याकरण शिकवले. प्रेक्षकाचा श्वास कसा रोखून धरायचा, याचा शोध घेता घेताच संकलन ही कला उभी राहिली. या शोधाच्या इतिहासातला एक निर्णायक टप्पा म्हणजे अकिरा कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई' (१९५४).

त्या टप्प्याचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या 'द लोन्ली व्हिला' (१९०९) या छोट्या मूकपटात चोर घरात शिरू पाहत आहेत, आत बायकामुले अडकली आहेत आणि घरधनी दुरून धावत येतो आहे. ग्रिफिथ या ठिकाणांची चित्रे आलटून पालटून दाखवतो. आज हे तंत्र इतके अंगवळणी पडले आहे की ते कोणालातरी घडवावे लागले असेल, हेही आपल्याला जाणवत नाही. १९१६च्या 'इन्टॉलरन्स'मध्ये त्याने हीच युक्ती भव्य प्रमाणावर वापरली. ग्रिफिथचा ताण एकाच प्रश्नावर उभा असतो : मदत वेळेवर पोचेल का? पुढे सर्गेई आयझेनस्टाइनने 'बॅटलशिप पोटेमकिन'मध्ये (१९२५) ओडेसाच्या पायऱ्यांवरचा गोळीबार दाखवताना काळालाच ताणले. पायऱ्या उतरायला लागेल त्याहून कितीतरी अधिक वेळ ते सैनिक उतरतच राहतात आणि बाळाची ढकलगाडी पायरीच्या कडेवर डुगडुगत राहते. ग्रिफिथने दोन ठिकाणांमधल्या अंतरातून ताण काढला. आयझेनस्टाइनने एका क्षणाचे अनेक तुकडे करून तो काढला.

कुरोसावाचा (१९१०–१९९८) या मूकपटांशी असलेला संबंध निव्वळ अभ्यासकाचा नव्हता. त्याचा थोरला भाऊ हेइगो हा 'बेन्शी' होता, म्हणजे मूकपट चालू असताना पडद्याशेजारी उभा राहून त्याचे निवेदन करणारा कलावंत. धाकट्या भावाला परदेशी चित्रपटांची गोडी लागली ती त्याच्यामुळे. बोलपट आल्यावर बेन्शींचा व्यवसाय बुडाला आणि १९३३ साली हेइगोने आत्महत्या केली. शब्दांवाचून गोष्ट सांगण्याविषयीची कुरोसावाची ओढ या पार्श्वभूमीवर पाहिली म्हणजे अधिक उमजते. ग्रिफिथ आणि आयझेनस्टाइन यांच्या युक्त्या त्याला ठाऊक होत्याच. त्याने त्यांत एका तिसऱ्या गोष्टीची भर घातली. ती म्हणजे हिशेब.

'सेव्हन सामुराई'ची कथा सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या अशांत जपानमधली आहे. चित्रपटाच्या आरंभीच टेकडीवर दरोडेखोरांचे घोडे थांबतात. खालचे गाव आपण मागच्या शरदात लुटले आहे, आता सातूचे पीक तयार झाले की पुन्हा येऊ, असे ते आपसांत बोलतात आणि एक शेतकरी ते ऐकतो. एवढ्या एका प्रसंगात कुरोसावाने साऱ्या चित्रपटाला घड्याळ लावून दिले आहे. यानंतर शेत दिसले की आपण ते सौंदर्य म्हणून पाहत नाही, मुदत म्हणून पाहतो. गावकरी भाताच्या मोबदल्यात लढणारे सामुराई शोधायला निघतात, सात जण मिळतात, गावात येतात, तटबंदी उभारतात. दरोडेखोरांचा मोठा हल्ला होईपर्यंत दोन तासांहून अधिक चित्रपट सरलेला असतो. एकूण लांबी २०७ मिनिटे. हे प्रमाण पाहता, ज्याला लढाईचा चित्रपट म्हणतात तो मुख्यतः लढाईच्या तयारीचा चित्रपट आहे, असेच म्हणावे लागते.

या तयारीत कुरोसावा नेमके काय करतो? सामुराईंचा म्होरक्या काम्बेई हाती नकाशा घेऊन गावाभोवती फिरतो आणि त्याच्याबरोबर आपणही फिरतो. एका बाजूला कुंपण घालायचे, एका बाजूच्या शेतात कापणीनंतर पाणी सोडायचे, ओढ्यावरचा पूल काढून टाकायचा. उत्तरेची वाट मात्र मुद्दाम मोकळी ठेवायची. कारण शत्रूला आत ओढल्यावाचून त्याला संपवता येणार नाही. पुलापलीकडची तीन घरे वाचवता येणार नाहीत, हेही इथेच ठरते. लढाई सुरू होते तेव्हा कोणती बाजू कुठे आहे, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. गावाची भूमिती त्याच्या डोक्यात पक्की बसलेली असते. म्हणून 'उत्तरेकडून आले' एवढ्या आरोळीनेही छातीत धस्स होते.

भूगोलाला जोड मिळते ती संख्येची. दरोडेखोर चाळीस आहेत. काम्बेई कागदावर तितकी वर्तुळे काढतो आणि एकेक शत्रू पडला की एकेक वर्तुळ खोडतो. हा कागद पुन्हा पुन्हा पडद्यावर येतो. दुसरा हिशेब बंदुकांचा. दरोडेखोरांजवळ तोड्याच्या तीन बंदुका आहेत. त्यांतली एक क्युझो हा अबोल तलवारबहाद्दर एकटाच रात्री जाऊन घेऊन येतो. विशेष म्हणजे हा पराक्रम कुरोसावा दाखवतच नाही. क्युझो अंधारात जातो, गाव वाट पाहत राहते, पहाटे धुक्यातून तो परत येतो, बंदूक हातात देतो, दोघांना मारल्याचे सांगतो आणि झोपी जातो. दुसरी बंदूक किकुचियो आणतो. पण तिच्या मोहापायी त्याने आपली जागा सोडलेली असते आणि तेवढ्यात त्या बाजूने हल्ला होऊन माणसे मरतात. म्हणजे जमेच्या बाजूला एक बंदूक पडते, तेव्हाच खर्चाच्या बाजूला प्रेते पडतात. तिसरी बंदूक मात्र दरोडेखोरांच्या नायकाकडेच राहते.

अखेरच्या लढाईचा ताण या तिसऱ्या बंदुकीत आहे. पहाट होते ती मुसळधार पावसाची. तेरा शत्रू उरलेले आहेत. सगळ्यांना आत येऊ द्यायचे असे काम्बेई ठरवतो. त्यानंतरचा चिखल, घोडे, बांबूचे भाले आणि आरडाओरडा यांचा कल्लोळ चित्रपटाच्या इतिहासात अजरामर झाला आहे. कुरोसावाने ही लढाई एकाच वेळी तीन कॅमेरे लावून चित्रित केली. त्यामुळे नटांना कॅमेऱ्यासाठी थांबून थांबून लढावे लागले नाही आणि संकलनाच्या टेबलावर एकाच हालचालीच्या तीन बाजू त्याच्या हाती आल्या. लांब पल्ल्याच्या लेन्समुळे दूरचा घोडा आणि जवळचा माणूस एकमेकांवर आदळल्यासारखे दिसतात, मधले अंतर नाहीसे होते. या लढाईला पार्श्वसंगीत नाही. पाऊस, टापा आणि किंकाळ्या, एवढेच. या सगळ्या गोंधळात प्रेक्षक मात्र गोंधळत नाही. त्याचे मन मोजत असते. शत्रू कमी होत चालले आहेत; पण एक बंदूक अजून उरली आहे. ती कडाडते तेव्हा क्युझो कोसळतो, मग किकुचियो. सातांपैकी चौघे मरतात आणि चौघेही गोळीनेच मरतात. तलवारीने एकही नाही. तलवारीच्या कौशल्याचे दिवस भरत आल्याचे कोणीही भाषण करून सांगत नाही. ते त्या हिशेबातूनच कळते.

आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर युद्धप्रसंग आपण सरसकट वीररसाच्या खात्यावर टाकतो. वीराचा स्थायीभाव उत्साह. परंतु केवळ उत्साहाने ताण निर्माण होत नाही. आपला वीर जिंकणारच याची खात्री असली की उत्साह वाढतो आणि ताण ओसरतो. ताणाला भयाची जोड लागते आणि भयाला ज्ञानाची. ज्याला काहीच ठाऊक नाही तो दचकतो, भीत नाही. टेबलाखाली बाँब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगा, असे हिचकॉक म्हणत असे ते याच अर्थाने. कुरोसावाने हे सूत्र एका टेबलावरून उचलून अख्ख्या गावाला लावले.

इथे एक आक्षेप घ्यायला हवा. चाळीस माणसे म्हणजे चाळीस वर्तुळे, ही कल्पना निर्घृण नाही का? दरोडेखोरांना जवळपास चेहरेच नाहीत. ते खोडण्यासाठीच जन्माला आले आहेत. हा आक्षेप पूर्णपणे खोडून काढता येणार नाही. मात्र कुरोसावाला त्याची जाणीव असावी, असे दाखवणारा एक प्रसंग चित्रपटात आहे. एक हेर जिवंत पकडला जातो. बांधलेला, भेदरलेला, जीव वाचवण्यासाठी गयावया करणारा. सामुराई त्याला मारू नका म्हणतात; पण घरदार गमावलेली एक म्हातारी हाती कुदळ घेऊन थरथरत पुढे येते आणि तिला कोणी अडवू शकत नाही. तो वार आपल्याला दाखवलेला नाही. एका वर्तुळाला क्षणभर चेहरा मिळतो आणि त्यानंतर कागदावरची प्रत्येक रेघ थोडी बोचू लागते. शेवटी भाताची लावणी चालू असते, शेतकरी गात असतात आणि टेकडीवर चार नव्या थडग्यांपुढे उरलेले तिघे उभे असतात. जय आपला नव्हे, शेतकऱ्यांचा, असे काम्बेई म्हणतो. हिशेब जुळतो आणि तरीही हाती काही लागत नाही.

या चित्रपटाचा वारसा दूरवर गेला. जॉन स्टर्जेसने १९६० साली त्यावरूनच 'द मॅग्निफिसंट सेव्हन' केला. सर्जिओ लिओनेने कुरोसावाच्या 'योजिम्बो'वर (१९६१) 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) बेतला आणि पुढे 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'च्या (१९६८) आरंभी नुसते वाट पाहणेच एवढे लांबवले की स्टेशनवरची माशी आणि ठिबकणारे पाणी हीच पात्रे झाली. आपल्याकडे हा वारसा 'शोले'च्या (१९७५) रूपाने आला. भाडोत्री लढवय्ये गाव राखतात, हे कथासूत्र तर उघडच तिकडचे आहे. त्याहून महत्त्वाचे आहे ते मोजण्याचे सूत्र. गब्बरचा पहिलाच प्रसंग आठवून पाहावा. समोरची माणसे किती होती, हा त्याचा पहिला प्रश्न. मग पिस्तुलात गोळ्या सहा, पुढ्यात माणसे तीन. तीन गोळ्या तो हवेत उडवतो आणि उरलेल्या तीन कुठे आहेत ते कोणालाच कळू नये म्हणून चक्र फिरवतो. कुरोसावाकडे हिशेब हे दुबळ्यांचे शस्त्र होते. सलीम-जावेद आणि रमेश सिप्पी यांनी तो खलनायकाच्या हाती देऊन त्याचा खेळ केला. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडात मात्र तेच संयमाची वाट धरतात. झोपाळ्याची करकर चालू राहते, बंदूक लहान मुलावर रोखली जाते, बार होतो आणि दृश्य तुटून एकदम आगगाडी येते. मुलाचा मृत्यू आपण पाहत नाही. म्हणूनच तो विसरत नाही. 'शोले'ला त्या वर्षी फिल्मफेअर पारितोषिक मिळाले ते एकच, आणि ते संकलनाचे, एम. एस. शिंदे यांना. बाकी निवडींबद्दल वाद घालता येईल. ही निवड मात्र अचूक होती.

आजच्या साहसपटांत दृश्ये फार झपाट्याने तुटतात, म्हणून ताण उरलेला नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. 'द बोर्न अल्टिमेटम'मध्ये (२००७) एक शॉट सरासरी दोन सेकंदांच्या आसपास टिकतो, आणि कोण कुठे आहे हे अनेकदा कळत नाही. पण 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' (२०१५) हाही तुफान वेगाचाच चित्रपट आहे. तिथे जॉर्ज मिलर आणि संकलक मार्गारेट सिक्सेल महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा चौकटीच्या मध्यभागी ठेवतात. वाट एकच, जाण्याची आणि त्याच वाटेने परत येण्याची. त्यामुळे वेगातही आपला हिशेब सुटत नाही. दोष वेगाचा नाही. प्रेक्षकाच्या हातून कागद आणि लेखणी काढून घेतली जाते, तिथे तो दोष आहे.

ही केवळ तंत्राची बाब समजू नये. पडद्यावर शंभर माणसे पडतात आणि आपण पॉपकॉर्न खात राहतो, याचे कारण आपण निर्दय झालो आहोत हे नसून आपल्याला कोणी मोजायला सांगितलेले नाही, हे आहे. जे मोजले जात नाही ते गमावल्यासारखे वाटत नाही. कुरोसावाने साडेतीन तास आपल्याला मोजायला लावले. शत्रू मोजायला, बंदुका मोजायला आणि शेवटी थडगी मोजायला. चाळीस वर्तुळे खोडून झाल्यावर त्या चार थडग्यांपुढे आपण गप्प होतो, तेव्हा लढाईचा ताण संपलेला असतो. आपला हिशेब तिथेही थांबत नाही.