शिदोरी, हॉटेल आणि सहलीचं जेवण

शाळेची सहल ठरली की गुरुजी मुलांच्या हाती सूचनांचा एक कागद देतात. टोपी आणा, ओळखपत्र गळ्यात ठेवा, अंगावर दागिने घालू नका, असं त्यात लिहिलेलं असतं. सहल एखाद्या मोठ्या करमणूक-उद्यानाला किंवा वॉटर पार्कला जाणार असेल, तर अलीकडे त्यात आणखी एक ओळ वाचायला मिळते. 'सोबत खाण्याचे पदार्थ आणू नयेत. जेवणाची सोय आत आहे.' घरातल्या म्हातारीला ही ओळ वाचून दाखवा. तिला तिचा अर्थच लागणार नाही. गाव सोडायचं आणि फडक्यात भाकरी बांधून घ्यायची नाही, हे कसं?

ही ओळ कुठून आली, ते पाहायचं तर दूर जायला नको. येडशीहून निघू.

बालाघाटाच्या रांगेत, येडशीजवळच्या दरीत, रामलिंगाचं देऊळ आहे. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाची वाट जटायूनं इथंच अडवली, असं इकडचे लोक सांगतात. पावसाळ्यात डोंगर हिरवा होतो, ओढा भरून वाहतो, धबधबा कोसळतो, आणि श्रावणी सोमवारी दर्शनाला माणसांची रीघ लागते. १९९७ साली या जंगलाचं अभयारण्य झालं. पण आपल्या भागातल्या कुटुंबांच्या सहलीचं ठिकाण म्हणून रामलिंग त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. दर्शन, पोरांचं पाण्यात खेळणं आणि झाडाखाली जेवण, असा तो दिवस. इतर दिवशी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, धपाटे आणि दही. सोमवार असला तर उपवास, म्हणून साबुदाण्याची खिचडी नि भगर. राखणीला एक माणूस बसवावा लागे, कारण रामलिंगाची माकडं शिदोरी कुणाची, हे विचारत बसत नाहीत.

बैलगाडीच्या जोडीला पुढं आगगाडी आली. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं आखलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धावू लागली. रूळ अवघे अडीच फूट रुंदीचे. १९०७ साली ती तडवळ्यापर्यंत आणि १९११ साली लातूरपर्यंत गेली. बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि येडशी निजामाच्या, म्हणजे ही लहानगी गाडी दोन राज्यांतून जाई. आता तिथं रुंद रूळ आहेत. २००८ सालापर्यंत ते काम पुरं झालं. पण गाडी छोटी असो की मोठी, डब्यात बसल्यावर घटकाभरात फडकी सुटायची, आणि चटणीचा वास सगळ्या डब्यात दरवळायचा.

आता इथं थोडं थांबून एक प्रश्न विचारू. आपले लोक शिदोरी का नेत? वाटेत विकत काही मिळत नसे आणि मिळालं तरी खिशात पैसा नसे, हे खरंच. परंतु तेवढंच कारण नव्हतं. दशमी कशी करतात, ते घरोघरी ठाऊक आहे. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचं. ती मऊ राहते आणि टिकते, हा एक गुण. दुसरा हिशेब सोवळ्याचा. पाण्यानं भिजवलेलं अन्न विटाळतं, दुधात भिजवलेलं प्रवासात चालतं, असं मानणारी घरं होती. म्हणजे शिदोरीच्या गाठीत आईची माया होती, तशी जातही बांधलेली होती. परक्याच्या हातचं खायचं नाही, परक्याच्या भांड्यानं प्यायचं नाही. त्या काळी देशातल्या कितीतरी स्टेशनांवर हिंदूंचं पाणी वेगळं आणि मुसलमानांचं पाणी वेगळं मिळे. ज्यांना अस्पृश्य म्हणून दूर लोटलं होतं, त्यांना तर ओंजळीत वरून पाणी ओतलं जाई. त्यांनी शिदोरी नेली ती हौसेनं नव्हे. त्यांच्यासाठी दुसरा मार्गच ठेवला नव्हता.

म्हणूनच हॉटेलाचा इतिहास नुसता चहाभज्यांचा इतिहास समजू नका. कोल्हापूरची हकीकत पाहा. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांना कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शासन केलं, आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढण्यासाठी मदत केली. गंगारामांनी भरवस्तीत 'सत्यसुधारक हॉटेल' काढलं. सवर्ण गिऱ्हाईक त्या हॉटेलाची पायरी चढेना. तेव्हा महाराजांनी आपली गाडी दाराशी थांबवली, सर्वांदेखत तिथला चहा घेतला आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. महाराज १९२२ साली वारले, त्याच्या आधीच्या काही वर्षांतली ही गोष्ट. एक कप चहा पिण्यासाठी राजाला यावं लागलं, यावरून हॉटेलातलं बाकडं किती उंच होतं, याची कल्पना यावी.

आपल्या भागालाही या लढ्याचं वारं लागलं होतं. येडशीच्याच लोहमार्गावरच्या कसबे तडवळ्याला फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. तोवर महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला चौदा वर्षं होत आली होती. पुढं २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना अमलात आली. शिक्षकमित्रांनी तिचं पंधरावं कलम वर्गात मुद्दाम वाचून दाखवावं. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागा इथं मज्जाव करता येणार नाही, असं त्यात आहे. उपाहारगृह आणि करमणूक एकाच दमात सांगितली आहे, हे ध्यानात घ्या. पंगत आणि खेळ, दोन्हीकडे माणसाला दारातून परत पाठवलं जात होतं, म्हणून तसं सांगावं लागलं. १९५५ साली अस्पृश्यतेच्या आचरणाला शिक्षा सांगणारा कायदाही झाला. कायदा झाला म्हणून वेगळ्या कपबश्या एका रात्रीत गेल्या नाहीत, हे खेड्यातल्या माणसाला मी सांगायला नको.

बायकांची गोष्ट आणखी निराळी. घरात पुरुषांची पंगत आधी, बायकांची मागून. हॉटेलात बसणं तर पुरुषांनाही उनाडपणाचं लक्षण समजलं जाई, मग बाईची काय कथा! मुंबईच्या इराणी हॉटेलांनी यावर तोड काढली. एका कोपऱ्यात लाकडी आडोसा किंवा पडदा आणि वर पाटी, 'फॅमिली रूम'. नवरा, बायको नि पोरं त्या आडोशामागे बसून खात. आज आपण ज्याला सहकुटुंब हॉटेलात जेवणं म्हणतो, त्याची सुरुवात अशी पडद्याआड झाली. गावाकडे जत्रेनं तेच काम केलं. पाळणा फिरून झाला की पालातल्या हॉटेलात भजी आणि जिलेबी. तिथं सासू आणि सून एका बाकड्यावर शेजारी बसून खाताना दिसत. घरच्या स्वयंपाकघरात तो योग क्वचितच येई.

जत्रेत खेळ आणि खाणं शेजारी असले तरी धंदे वेगळे असतात. पाळणेवाला निराळा, जिलेबीवाला निराळा, आणि झाडाखाली बसून तुम्ही घरची भाकरी खाल्ली तर कुणी अडवत नाही. हे सगळं एका कुंपणात, एका मालकाखाली आणण्याची कल्पना पाश्चात्त्य देशांतली. डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनला, १८४३ साली टिव्होली नावाची बाग उघडली. पण मला त्याहून गमतीची वाटते ती अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया प्रांतातली एका शेतकरी कुटुंबाची कहाणी. वॉल्टर नॉट हा बोरांसारख्या लहान रसाळ फळांची शेती करी आणि रस्त्याकडेला माल विकी. १९३४ साल म्हणजे भयंकर मंदीचा काळ. संसाराला हातभार म्हणून त्याची बायको कॉर्डेलिया हिनं गिऱ्हाइकांना कोंबडीचं जेवण करून वाढायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी आठ पानं वाढली, ती स्वतःच्या लग्नातल्या बशांतून. जेवणाचा भाव पासष्ट सेंट. तिच्या हाताला चव अशी, की काही वर्षांत माणसं तासन् तास रांगेत उभी राहू लागली. ताटकळणाऱ्या लोकांचा वेळ जावा म्हणून नवऱ्यानं १९४० साली शेजारीच जुन्या काळचं एक ओसाड गाव हुबेहूब उभारायला घेतलं. तेच वाढत वाढत मोठं करमणूक-उद्यान झालं. १९६८ साली त्याला कुंपण पडलं आणि आत जायला तिकीट लागलं. म्हणजे तिथं आधी चूल पेटली आणि मग पाळणा आला.

त्याच प्रांतात १९५५ साली वॉल्ट डिस्नेनं डिस्नेलँड उघडलं. तिथली खाण्याची बरीच ठिकाणं सुरुवातीला खाद्यपदार्थांच्या कंपन्यांनीच भाड्यानं घेतली होती. ज्या विभागात जी गोष्ट रचलेली, तिला साजेसं हॉटेल. भिंती, वाढप्यांचे कपडे, ताटल्या, सगळं त्या गोष्टीतलं. जेवण हाही खेळच झाला. आपल्याकडे मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेल वर्ल्ड निघालं, आणि २०१३ साली रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ इमॅजिका. इमॅजिकात 'रेड बॉनेट' नावाचं एक उपाहारगृह जुन्या अमेरिकन खाणावळीच्या सोंगात सजवलं. एखाद्या गावाकडच्या कुटुंबानं मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर गाडी थांबवून अमेरिकेतल्या खाणावळीत बसावं आणि आजीनं भाकरी आहे का म्हणून विचारावं, असं हे दिवस आहेत.

या ठिकाणांचा हिशेब समजून घ्या. उद्यान वस्तीपासून लांब. एकदा आत गेलं की तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून माणूस दिवसभर बाहेर पडत नाही. दिवसभरात भूक दोनदा तरी लागते, पाण्यात खेळणाऱ्या पोरांना चारदा. दारात डबे काढून ठेवायला लावले, तर आतलं जेवण हे दुसरं तिकीटच होतं. चालकांची बाजूही आहे. खरकटं पडतं, माशा-मुंग्या होतात, पाणी गढूळ होतं, काच फुटली तर पाय कापतो. रामलिंगाच्या ओढ्याकाठी पडलेल्या पत्रावळ्या नि प्लॅस्टिकच्या पिशव्या ज्यांनी पाहिल्या आहेत, ते या बोलण्याला खोटं म्हणणार नाहीत. तरीपण पाच माणसांच्या घराला दोन वेळच्या जेवणाचा खर्च प्रवेशाच्या खर्चाच्या जोडीला बसला, की शेतकरी बाप 'तुम्ही खा, मला भूक नाही' म्हणतो. हे वाक्य खेड्यातल्या पोरांच्या ओळखीचं आहे.

बाहेरचं खाणं अडवण्याचा प्रश्न सिनेमागृहांच्या बाबतीत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानं सांगितलं, की सिनेमागृह ही खासगी मालमत्ता आहे, बाहेरचं खाणं आणू न देण्याचा नियम मालक करू शकतो. मात्र पिण्याचं पाणी फुकट मिळालं पाहिजे, आणि तान्ह्या मुलासाठी आईबापांनी आणलेलं खाणं अडवू नये. हा निकाल सिनेमागृहांपुरता असला, तरी त्यातला पाण्याचा मुद्दा माझ्या मनात राहून गेला. ज्या देशात पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथं दारातल्या पाण्याची गोष्ट लहान नसते.

आणि आता तर खेडंच उपाहारगृहाचा देखावा होऊ लागलं आहे. बारामतीकडे पांडुरंग तावरे यांनी कृषी-पर्यटनाची वाट घातली, आणि २०२० साली महाराष्ट्र सरकारनं त्यासाठी धोरण मंजूर केलं. शहरातली कुटुंबं पैसे भरून शेतावर येतात, बैलगाडीत बसतात, हुरडा खातात, पिठलं-भाकरी जेवतात. शेतकऱ्याच्या हाती चार पैसे पडत असतील तर त्यात मला वावगं दिसत नाही. कॉर्डेलिया नॉटनं तरी दुसरं काय केलं?

पण धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत एक जेवण अजून विकायला निघालेलं नाही. ते म्हणजे येळवसेचं. मार्गशीर्ष अमावास्येला गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते. अंबिलीचं मडकं, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर अशा टोपल्या बायका डोक्यावरून शेतात नेतात. शेत नसलेल्या ओळखीच्या माणसाला बोलावणं असतं. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. मात्र या हाकेच्या टप्प्यात पूर्वी कोण येत होतं आणि कुणाला बांधाबाहेरूनच वाढलं जात होतं, हे आपल्या गावापुरतं आपणच विचारून घ्यायला हवं.

ते काम शिक्षकांनी मुलांकडून करून घ्यावं. पाचवी-सहावीच्या मुलांना एक वही करायला सांगा. प्रत्येकानं घरातल्या सर्वांत वडील बाईला विचारावं. आजी, तू हॉटेलात पहिल्यांदा कधी बसलीस? गाव कोणतं, बरोबर कोण होतं, काय खाल्लंस, आणि कुणी काही बोललं का? उत्तर तिच्याच शब्दांत उतरून घ्यावं आणि खाली साल लिहावं. साल आठवत नसेल तर तेव्हा छोटी गाडी चालू होती की बंद झाली होती, एवढं विचारलं तरी चालेल.