देवी येणे, देवी काढणे

क्रांती चौकाच्या परिसरातल्या कोणत्याही बालरोगतज्ज्ञाकडे गेलात तर लसीकरणाचा तक्ता पाहायला मिळतो. जन्मतः बीसीजी, पोलिओ, कावीळ-ब. पुढे ६, १० व १४ आठवड्यांच्या मात्रा. ९ महिन्यांनंतर गोवर-रुबेला. १० व १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्प. प्रौढांच्या वाट्याला त्यात जवळपास काहीच नाही, अपवाद गर्भवतीचा. पण ज्या रोगापायी हा सारा खटाटोप सुरू झाला, त्या देवीचे नाव या तक्त्यात नाही. ते उरले आहे भाषेत.

मराठीत देवी ‘येतात’ आणि देवी ‘काढतात’. पहिला रोग, दुसरा त्यावरचा उपाय. नाम एकच, फरक केवळ क्रियापदाचा. शीतलादेवीच्या कोपाला माणसाने दिलेले हे उत्तर देवीच्याच नावाने रूढ झाले. श्रद्धा आणि वैद्यक यांचा झगडा आपण नेहमी रंगवतो. इथे भाषेने तो केव्हाच मिटवून टाकलेला दिसतो.

‘लस’ हा शब्द तर अधिकच बोलका आहे. जखमेतून पाझरणारा द्रव तो लस. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातली ही पहिली यशस्वी टोचणी. बगदाद-बसरामार्गे आलेली ही लस पुढे बाटलीतून नव्हे, तर मुलांच्या दंडांवरून प्रवास करत राहिली. एकाच्या फोडातला द्रव दुसऱ्याला टोचायचा, त्याचा तिसऱ्याला. या साखळीने ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रासला पोचली. ॲनाचे नाव इतिहासात राहिले. वाटेतल्या बहुतेक मुलांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. कुणाचा द्रव कुणाच्या दंडात जाणार, हा प्रश्न जातिबद्ध समाजात साधा नव्हता. त्या काळच्या विरोधाला सरसकट ‘अंधश्रद्धा’ म्हणणे मला घाईचे वाटते. या पद्धतीत उपदंशासारखे रोग पसरण्याची भीती खरीच होती, आणि इंग्लंडनेही ती १८९८ मध्ये बंद केली.

मुंबई इलाख्यात १८७७ मध्ये लसीकरणाचा कायदा झाला. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात. तो कायदा इथे लागू नव्हता.

भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ चा. १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरला, १९८० मध्ये जग. आज आमच्या वर्गातल्या मुलांच्या दंडावर जी खूण दिसते ती बीसीजीची. देवी काढल्याचा व्रण पाहायचा तर त्यांना आजीची बाही वर सरकवावी लागेल.