परतीच्या वाटेची कुळकथा

रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या माणसाला त्याच्या घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याचा खर्च काम करवून घेणाऱ्याने सोसावा, ही प्रथा मुंबईतील मोठ्या विधिसंस्थांत, म्हणजे अनेक वकील भागीदारीत किंवा नेमणुकीवर एकत्र काम करतात अशा कार्यालयांत, आणि पुण्याच्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत आज पुरती रुळली आहे. रोजच्या बोलण्यात तिला ‘कॅब’ किंवा ‘ड्रॉप’ म्हणतात, तर सरकारी कागदांत ‘वाहतूक सुविधा’. ही प्रथा नव्या काळातील कंपन्यांच्या उदारपणातून निघाली असा सार्वत्रिक समज असला, तरी तिच्या दोन मुळ्या बऱ्याच खोल गेलेल्या आहेत. त्यांपैकी एक न्यायालयाच्या भत्त्यात आहे आणि दुसरी कारखान्यांच्या कायद्यात. जालना जिल्ह्यातील अंबडसारख्या तालुक्याच्या गावातून या कुळकथेकडे पाहणे विशेष उपयोगाचे आहे, कारण पहिल्या मुळीचा व्यवहार तिथल्या न्यायालयात नित्याचा असून दुसरीची फांदी मात्र तिथल्या वकिलाच्या कचेरीपर्यंत पोहोचलेली नाही.

‘भत्ता’ या शब्दाचा संबंध संस्कृत ‘भक्त’ म्हणजे शिजवलेले अन्न, वाट्याला आलेले अन्न, याच्याशी जोडला जातो, आणि मराठीतील ‘भात’ हा त्याच घरातला शब्द आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘भक्तवेतन’ हा जोडशब्द येतो. साठ पण वेतन असलेल्याला एक आढक धान्य, असे वेतन आणि अन्न यांचे प्रमाणही तिथे बांधून दिलेले आहे. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात हाच शब्द छावणीबाहेर मोहिमेवर गेलेल्या अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या जादा रकमेसाठी रूढ झाला, आणि कंपनीचा बंगालमधील गव्हर्नर क्लाइव्ह याने १७६६ मध्ये तिथला दुप्पट भत्ता बंद केला तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्यांनीच बंडाचा पवित्रा घेतला. घरापासून दूर नेलेल्या माणसाच्या पोटाची आणि वाटेची जबाबदारी त्याला नेणाऱ्यावर असते, हा अर्थ या शब्दाला तेव्हापासून चिकटून आहे.

पेशवाईतही न्यायाच्या कामावरील माणसाच्या येण्याजाण्याची तरतूद सरकार करीत असे. दरबारातील मोठ्या मानकऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना वेतनाखेरीज पालखीची नेमणूक मिळे, म्हणजे पालखी बाळगण्याचा आणि ती वाहणाऱ्या भोयांचा खर्च सरकारातून चाले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनाही अशी नेमणूक होती. मात्र पालखी हा मान होता. तो हुद्द्याला मिळे, कामाच्या वेळेला नव्हे, आणि रात्री उशिरा बसून फडात, म्हणजे पेशव्यांच्या कचेरीत, कागद उतरवणाऱ्या कारकुनाच्या वाट्याला तो येण्याचा प्रश्नच नव्हता.

इंग्रजी अमलातील दिवाणी कायद्याने हे चित्र एका बाबतीत बदलले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश १६, नियम २ नुसार ज्या पक्षकाराला साक्षीदार बोलवायचा असेल त्याने त्याच्या प्रवासाचा व इतर खर्च समन्स निघण्यापूर्वी न्यायालयात जमा करावा लागतो, आणि हा खर्च न्यायालयात येण्याचा व तिथून परत जाण्याचा, असा दोन्ही वाटांचा धरला जातो. तालुका न्यायालयात ‘भत्ता भरला का?’ हा प्रश्न दिवसातून अनेकदा ऐकू येतो. साक्षीदार कुणाचा नोकर नाही, त्याला मान म्हणून काही द्यायचे नाही, तरी ज्याच्या गरजेसाठी तो आला त्याने त्याची परतीची वाट मोजून द्यावी, हे तत्त्व एवढ्या साध्या नियमात पक्के बसलेले आहे.

दुसरी मुळी मुंबईच्या गिरण्यांत रुजली, पण तिचा आरंभ गाडीने झाला नाही, मनाईने झाला. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादा नाहीशी होऊन कामाचे तास बेसुमार वाढले. त्यावरील चौकशांनंतर १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली. स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंधन आंतरराष्ट्रीय पातळीवर १९०६ च्या बर्न येथील कराराने आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९१९ च्या कराराने घट्ट झाले, आणि स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम ६६ ने स्त्रियांचे काम सकाळी सहा ते सायंकाळी सात एवढ्या वेळेत बांधले. या काळात गिरणी कामगाराला घरी सोडण्याचा प्रश्न मालकांपुढे आला नाही, कारण लालबाग-परळच्या चाळी गिरण्यांच्या भोवतीच उभ्या होत्या आणि भोंगा झाला की माणसे पायी घरी जात. परतीच्या गाडीची गरज घर आणि काम यांच्यातील अंतरातून जन्मते. जिथे हे अंतर पायाखालचे होते तिथे ती प्रथा उगवण्याचे कारणच नव्हते.

अंतर वाढले तसा कायद्यापुढे वेगळा प्रश्न उभा राहिला: कामावरून सुटलेला माणूस घरच्या वाटेवर असताना कामावर असतो की नसतो? याचे एक निर्णायक उत्तर मुंबईच्या बेस्ट उपक्रमाच्या खटल्यात मिळाले. जुलै १९५७ मध्ये जोगेश्वरी आगारात आपली पाळी संपवून एक बसचालक सांताक्रूझच्या घरी जाण्यासाठी बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये चढला. इर्ला पुलाजवळ ती बस उभ्या असलेल्या लॉरीवर आदळली आणि झालेल्या जखमांनी काही दिवसांत त्याचा मृत्यू झाला. पाळी संपली होती, हातात चक्र नव्हते, तो प्रवाशासारखा बसला होता. तरीही १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की हा अपघात नोकरीच्या ओघातच घडला. मुंबईसारख्या लांबच लांब पसरलेल्या शहरात चालकाने वेळेवर आणि ताजेतवाने कामावर यावे म्हणून त्याला बसप्रवासाची मोकळीक दिलेली होती, म्हणजे ती सोय सेवेच्या कार्यक्षमतेसाठी होती, असा त्यामागचा विचार होता. ज्या तत्त्वाने हे शक्य झाले त्याला नोकरीच्या जागेचा व वेळेचा काल्पनिक विस्तार म्हणतात: कारखान्याचे फाटक हीच नोकरीची सीमा न मानता ती वाजवी मर्यादेपर्यंत वाटेवरही पसरते, असे ते तत्त्व सांगते.

कामगाराच्या बाबतीत कायदा इतका पुढे गेला, तेव्हा वकिलाच्या कचेरीत काय घडत होते, हे पाहण्यासारखे आहे. मुंबईत सॉलिसिटरांच्या, म्हणजे पक्षकाराचे कागद तयार करून बॅरिस्टराकडे सोपवणाऱ्या वकिलांच्या, कंपन्या एकोणिसाव्या शतकापासून चालत आल्या होत्या, आणि न्यायालय उठल्यानंतर संध्याकाळी ज्येष्ठ वकिलाच्या चेंबरमध्ये प्रकरणाची चर्चा करण्याची रीत असल्याने या व्यवसायाचा खरा दिवस दिवेलागणीनंतर सुरू होई. १९२३ मध्ये कायद्याने स्त्रियांना वकिलीचा मार्ग मोकळा झाला आणि मिठन टाटा, पुढे मिठन लाम, या मुंबई उच्च न्यायालयातील पहिल्या स्त्री बॅरिस्टर ठरल्या. मात्र त्या संध्याकाळच्या कामाला कोणत्याही श्रमकायद्याचा हात लागला नाही. सॉलिसिटरची कंपनी हा ‘उद्योग’ नव्हे, कारण तिचे काम मालकाच्या बुद्धीवर चालते, असे १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका सॉलिसिटर कंपनीच्या नोकरांच्या बोनसच्या वादात ठरवले. १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने हा दृष्टिकोन सोडला, पण त्याचा फायदा कचेरीच्या कारकुनाला होऊ शकत होता, वकिलाला नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करीत असताना कुणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, आणि जो नोकर नाही त्याच्या परतीच्या वाटेचा धनी कायद्याच्या दृष्टीने कुणीच नाही.

म्हणून वकिलांच्या घरपोच गाडीचा उगम कायद्यात न सापडता बाजारात सापडतो. न्यूयॉर्कमध्ये १९८० च्या दशकाच्या प्रारंभी वॉल स्ट्रीट भागातील वकिलांच्या आणि वित्तसंस्थांच्या कचेऱ्यांसाठी रेडिओवरून बोलावता येणाऱ्या काळ्या मोटारींच्या कंपन्या निघाल्या. रात्री काम करणाऱ्याने चिठ्ठीवर सही करायची आणि भाडे कचेरीच्या खात्यावर मांडायचे, अशी ती पद्धत होती. ब्रिटनच्या २००३ च्या प्राप्तिकर कायद्यात मालकाने दिलेल्या रात्रीच्या टॅक्सीला करमाफी आहे, पण ती रात्री नऊनंतरच्या, नेहमीच्या नसलेल्या कामासाठी आणि वर्षाला साठ फेऱ्यांपुरती. रोजचा उशीर हा अपवाद मानता येणार नाही, असा त्या अटीचा रोख आहे. मुंबईत १९९१ नंतर कंपन्यांच्या मोठ्या व्यवहारांची कामे वाढली आणि विधिसंस्थांचा विस्तार झाला, तशी ठरावीक वेळेनंतर थांबणाऱ्या वकिलाला टॅक्सीचे भाडे देण्याची रीत तिथेही पडली. भारताच्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम १७ ने तर घर ते कचेरी आणि परत अशा प्रवासासाठी मालकाने दिलेल्या वाहनाला नोकराचा लाभच मानलेले नाही. करवसुली करणारे खातेही ज्याला चैन म्हणत नाही, त्याला मालकाने उपकार म्हणावे असे काही उरत नाही.

या रीतीला कायद्याचे बळ मिळाले ते दुसऱ्या मुळीकडून. २००० साली मद्रास उच्च न्यायालयाने कारखाना अधिनियमातील स्त्रियांच्या रात्रपाळीची मनाई घटनाबाह्य ठरवली आणि तिच्या जागी संरक्षणाच्या अटी घातल्या, ज्यांत कामाच्या जागेपासून घरापर्यंतच्या वाहतुकीची अट होती. त्याच सुमारास महाराष्ट्रात परदेशी ग्राहकांसाठी रात्रभर चालणारी कॉल सेंटर उभी राहिली आणि सायंकाळी घराघरांतून माणसे गोळा करणाऱ्या गाड्या पुण्याच्या रस्त्यांवर दिसू लागल्या. नोव्हेंबर २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीवर तिला नेण्यासाठी आलेल्या गाडीच्या चालकानेच साथीदारासह अत्याचार करून तिचा खून केला. गाडी पुरवणे म्हणजे सुरक्षितता पुरवणे नव्हे, हे या घटनेने सर्वांना कळून चुकले. चालकाची पूर्वतपासणी, गाडीचा ठावठिकाणा दाखवणारे यंत्र, आणि एकट्या स्त्रीला सर्वांत आधी घेऊ नये व सर्वांत शेवटी सोडू नये, तशी वेळ आलीच तर गाडीत सुरक्षारक्षक असावा, या सावधगिरीमागे अशा दुःखांचे वजन आहे.

कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमाने मालकाने दिलेल्या वाहनाला ‘कामाचे ठिकाण’ या व्याख्येतच घेतले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाच्या कलम १३ ने स्त्री कामगाराला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तिच्या संमतीने काम करण्याची मुभा दिली आणि त्या मुभेला घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची अट जोडली. शंभर वर्षांपूर्वीची मनाई अशा रीतीने परवानगीत बदलली, आणि घरपोच गाडी ही त्या परवानगीची किंमत ठरली.

अंबड हे मत्स्योदरी देवीचे गाव जालन्याच्या दक्षिणेला पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे, आणि तिथे रेल्वे नाही. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली होती, म्हणजे मुंबई राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावण्याच्या सोळा वर्षे आधी. तरीही रात्रीच्या परतीचा प्रश्न तालुक्यात आजही शेवटच्या बसच्या वेळेवर येऊन ठेपतो. तालुक्यात अंकुशनगरला सहकारी साखर कारखाना आहे, आणि गळीत हंगामात कोणत्याही साखर कारखान्याला रात्री थांबता येत नाही, कारण तोडलेल्या उसातील साखर ताटकळण्याने घटत जाते. मराठवाड्यातल्याच धाराशिव जिल्ह्यात साखर कारखान्याचा एक रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. त्याच्या कुटुंबाला मिळालेली भरपाई उच्च न्यायालयात रद्द झाली आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मंजूर केली, ती अवेळी कामावर जाण्याची वाट कामाशी जोडलेली असते, हे मान्य करून. बेस्टच्या चालकाची परतीची वाट आणि या रखवालदाराची जाण्याची वाट यांना न्यायालयाने एकाच मापाने मोजले.

तालुक्याच्या कनिष्ठ वकिलाची वाट मात्र कुणीच मोजलेली नाही. उद्याच्या तारखेची कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीने द्यायचे लेखी उत्तर, रात्री टंकलिखित होते, शपथपत्राच्या नकला निघतात, पक्षकार शेतातून उशिरा आलेला असतो, आणि ज्येष्ठाच्या कचेरीत बसलेल्या कनिष्ठाची, बहुधा गावाबाहेर राहणाऱ्याची, शेवटची एसटी निघून गेलेली असते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली, ती स्वागतार्ह आहे. पण शिफारस पाळणे ज्येष्ठाच्या मर्जीवर आहे, आणि अनेक कचेऱ्यांत कनिष्ठाला घरी सोडण्याचे काम आजही ज्येष्ठाच्या दुचाकीने आणि माणुसकीने होते.

माणुसकी मोलाची आहे, पण ती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही, म्हणूनच साक्षीदाराचा भत्ता नियमाने बांधावा लागला. ज्या वकिलांना साक्षीदाराच्या दोन्ही वाटांचा खर्च भरल्याशिवाय समन्स निघत नाही हे तोंडपाठ आहे, त्यांना हे तत्त्व नव्याने शिकवण्याची गरज नाही. तालुक्याच्या वकील संघांनी एवढा एकच ठराव करावा की शेवटच्या बसनंतर ज्याने कनिष्ठाला थांबवले, त्याने त्याला किंवा तिला दारापर्यंत पोहोचवावे, आणि त्याचा खर्च त्या प्रकरणाच्या खर्चात धरावा.