शिंगं डोळ्यांत भरतात, पण पारख वेतावर



गाय घ्यायची म्हटलं की आपण पहिल्यांदा विचारतो, "दूध किती देते?" प्रश्न बरोबरच आहे; कर्जाचा हप्ता त्यावरच फिटतो. पण गुरं एकाच मापाने मोजली तर काय होतं, ते अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने अनुभवलं आहे. तिथल्या लाँगहॉर्न, म्हणजे लांबशिंगी गुरांचा इतिहास आज आपण ऐकू या.

अमेरिकेत मूळची पाळीव गाय नव्हती. कोलंबसाने 1493 साली, दुसऱ्या सफरीत, जहाजातून गुरं नेली. पुढे 1521 च्या सुमारास ती मेक्सिकोत आणि तिथून टेक्सासात पोचली. तिथे पुष्कळ गुरं मोकाट सुटली. ना गोठा, ना पेंड, ना डॉक्टर. झाडपाला खाऊन, पाण्यासाठी कोसभर चालून, लांडग्यांपासून वासरं राखून जी टिकली, त्यांचाच वंश वाढला. 2013 साली शास्त्रज्ञांनी या गुरांचा आनुवंशिक अभ्यास केला, तेव्हा त्यांच्यात सुमारे 15 टक्के वारसा भारताकडच्या वशिंडवाल्या गुरांचा निघाला. म्हणजे आपल्या खिलारचं त्यांच्याशी दूरचं नातं आहे!

1865 साली तिथलं यादवी युद्ध संपलं. टेक्सासात चार डॉलरला मिळणारं जनावर उत्तरेत चाळीस डॉलरपर्यंत जाई. तिकडे गुरं मांसासाठी पाळतात. मग गुराखी हजारो गुरांचे कळप शेकडो मैल चालवत रेल्वेच्या ठाण्यापर्यंत नेऊ लागले. लाखो गुरं अशी गेली.

पण वाटेवरच्या गावांतली गुरं तापाने मरू लागली. लाँगहॉर्नला मात्र काही होत नसे. लोक चिडले, वाटा अडवल्या. हा ताप गोचिडांमुळे पसरतो, हे 1893 साली सिद्ध झालं. लाँगहॉर्नच्या अंगावर गोचिडं होती, पण तिला तो ताप पचलेला होता.

तोवर काळ बदलला होता. 1874 नंतर काटेरी तारेची कुंपणं आली, मोकळी राने बंद झाली. बाजाराला लवकर भरणारी, चरबीदार जनावरं हवी होती; साबण-मेणबत्तीसाठी चरबीला भाव होता. लाँगहॉर्न पडली सडसडीत. लोकांनी विलायती वळू आणले, संकर केला, आणि पन्नासेक वर्षांत शुद्ध जनावर शोधूनही सापडेना. अखेर 1927 साली सरकारने 3000 डॉलर मंजूर केले. वनखात्याच्या माणसांनी गावोगाव हिंडून वीसेक गायी आणि तीन वळू निवडले, ओक्लाहोमातल्या विचिटा डोंगरांतल्या अभयारण्यात नेले. तिथून ही जात पुन्हा वाढली. 1964 साली पैदासकारांनी आपली संघटनाही काढली.

आज हे पैदासकार गायीत काय बघतात? शिंगं तर बघतातच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन मीटरहून लांब शिंगांना मोठा मान. रंगही बघतात. पण खरी पारख वेतावर. गाय दरवर्षी गाभण राहते का? विनाअडचण विते का? वासरू जन्मताना हलकं असतं, त्यामुळे ती सहसा अडत नाही. म्हणूनच दुसऱ्या जातीच्या कालवडींनाही पहिल्या वेताला लाँगहॉर्नचा वळू देतात. वासराला जीव लावते का? पंधरा वर्षांची झाली तरी विते का? उन्हात, निकस चाऱ्यावर तग धरते का?

मैत्रिणींनो, हे सगळे गुण त्या गायींत आधीही होते. बाजार फक्त चरबी मोजत होता, म्हणून ते कुणी धरले नाहीत.

आपल्याकडे रात्री-अपरात्री गाय विते तेव्हा कंदील धरून कोण बसतं? आपणच. कोणती अडली, कुणाची वार वेळेवर पडली, कुणाला गोचीडताप झाला, कोणती दुष्काळात टिकली, हे आपल्याला तोंडपाठ असतं. वहीत मात्र फक्त लिटर लिहिलेले असतात. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या गायीची वेतं, आजारपण आणि औषधाचा खर्च लिहून आणू या. कालवड ठेवायची की विकायची, हे ती वही समोर ठेवून ठरवू या.