घरगुती मत्स्यटाकीतील पाणी गढूळ का होते?

घरातील काचेच्या छोट्या टाकीत मासे सोडल्यानंतर तीन-चार दिवसांतच पाण्यावर दुधाळ झाक दिसू लागते. बहुतेक घरांत त्यावर एकच उपाय योजला जातो. टाकी पूर्ण रिकामी केली जाते, तळातील खडे घासूनपुसून धुतले जातात आणि नव्या पाण्याने टाकी पुन्हा भरली जाते. दोन दिवस पाणी स्वच्छ दिसते, नंतर ते पुन्हा पांढरे होते आणि या खटाटोपात एखाद-दुसरा मासा दगावतो. गढूळ पाण्याने मासा मेला, असा समज मग कायमचा रूढ होतो. वास्तविक गढूळपणा स्वतः क्वचितच प्राणघातक असतो. त्याच्या सोबतीने पाण्यात साठणारा, डोळ्यांना न दिसणारा अमोनिया आणि घाईने केलेली सफाई हीच मृत्यूची नेहमीची कारणे होत.

हा प्रश्न घरगुती मत्स्यपालनाइतकाच जुना आहे. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुमारे पन्नास लिटर पाण्याच्या पात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली होती. वनस्पतीची जुनी पाने कुजू लागताच पाणी गढुळले. तेव्हा त्यांनी तळ्यातील काही गोगलगायी पात्रात सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी निवळले. हे निष्कर्ष १८५० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील गोगलगायींची गोष्ट आजही सांगितली जाते, मात्र पन्नास लिटर पाण्यात मासे दोनच होते, ही बाब सहसा विसरली जाते. आज पाच-सात लिटरच्या गोल भांड्यात तेवढेच गोल्डफिश ठेवले जातात.

उपाय करण्यापूर्वी गढूळपणाचा प्रकार ओळखणे आवश्यक आहे. त्यासाठी टाकीतील पाणी काचेच्या स्वच्छ पेल्यात घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरावे आणि पेला काही तास हलविल्याविना ठेवावा. तळाशी गाळ बसून वरचे पाणी निवळले, तर तो खड्यांवरील किंवा वाळूतील धुळीचा परिणाम समजावा. पाणी पांढरट किंवा करडे राहिले आणि गाळ बसला नाही, तर ते जिवाणूंचे काम असते. हिरवी छटा दिसल्यास शैवाल, तर चहासारखा पारदर्शक तपकिरी रंग दिसल्यास टाकीतील लाकूड कारणीभूत असते. लाकडातील टॅनिनमुळे येणारा हा रंग निरुपद्रवी असून नियमित पाणीबदलाने तो हळूहळू फिका होतो.

नळाचे पाणी भरताच दिसणारा पांढरेपणा हा या साऱ्याहून वेगळा होय. तो दाबाखालील पाण्यातून सुटणाऱ्या हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांचा असतो आणि काही मिनिटांत खालून वर निवळत जातो. कूपनलिकेच्या पाण्यात लोह विरघळलेले असल्यास उपसताना स्वच्छ दिसणारे पाणी हवेच्या संपर्काने काही वेळात तांबूस होते. असे पाणी आधी वेगळ्या बादलीत हवा देऊन, गाळ बसू देऊन मगच वापरणे योग्य ठरते.

नव्या टाकीतील दुधाळ पाणी

सर्वाधिक गोंधळ होतो तो जिवाणूजन्य गढूळपणाबाबत. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतील सेंद्रिय द्रव्यावर जगणारे जिवाणू अनुकूल स्थितीत तासाभराच्या आत दुप्पट होऊ शकतात. पाण्यात तरंगणाऱ्या त्यांच्या असंख्य पेशींमुळेच पाणी पांढरे दिसते. याउलट अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये करणारे जिवाणू अत्यंत संथ वाढतात. त्यांना दुप्पट होण्यास बहुधा अर्धा दिवस ते त्याहून अधिक काळ लागतो आणि ते पाण्यात तरंगण्याऐवजी फिल्टरचा स्पंज, खडे व काच यांना चिकटून राहतात. त्यांची पुरेशी वसाहत होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे जातात. नायट्राइटवर काम करणारे जिवाणू नायट्रोबॅक्टर वंशाचे असावेत, अशी दीर्घकाळ समजूत होती. गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा वंशाचे जिवाणू करतात, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले.

टाकी दर वेळी पूर्ण धुतली की हीच संथ वसाहत नष्ट होते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येते. खडे धुताना साबण वापरला असेल, तर त्याचा राहिलेला अंश माशांच्या कल्ल्यांना थेट इजा करतो. म्हणूनच दुधाळ पाण्यावरील मुख्य उपाय हा काही न करण्याच्या जवळ जाणारा आहे. खाद्य निम्मे करावे किंवा एक-दोन दिवस बंद ठेवावे. प्रौढ, निरोगी माशांना एवढ्या उपवासाने बाधा होत नाही. वाढलेले जिवाणू पाण्यातील प्राणवायू वापरत असल्याने हवेचा पंप अखंड चालू ठेवावा. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर ती प्राणवायू घटल्याची किंवा कल्ल्यांना इजा झाल्याची खूण समजून लगेच एक-चतुर्थांश पाणी बदलावे. एरवी हा पांढरेपणा बहुधा काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो.

पाण्याची चाचणी करण्याचे संच मत्स्यसाहित्याच्या दुकानांत मिळतात. अमोनियाच्या आकड्याकडे मात्र पाण्याच्या सामूसह पाहावे लागते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी स्वरूपात असतो, तर सामू ८ असताना हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास पोहोचते. उन्हाळ्यात तापमानाबरोबर हा विषारी अंश वाढतो आणि त्याच वेळी पाण्यात मावणारा प्राणवायू घटतो. २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशाला तो साडेसातच्या आसपास उरतो. विदर्भ-मराठवाड्यापासून दिल्लीपर्यंतच्या कडक उन्हाळ्यात छोट्या टाक्यांतील मासे अचानक का मरतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी या आकड्यांत आहे.

तुरटी नको

पिण्याचे गढूळ पाणी तुरटी फिरवून निवळण्याची पद्धत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. हाच प्रयोग मत्स्यटाकीत करण्याचा मोह स्वाभाविक असला तरी तो घातक आहे. तुरटीमुळे पाण्याची आम्लता वाढते आणि त्यातील अॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना अपाय करते. गढूळपणाचे मूळ कारण असलेले सेंद्रिय द्रव्य मात्र टाकीतच राहते. दुकानदार सर्रास देतात त्या निळ्या औषधाचीही, म्हणजे मेथिलीन ब्ल्यूची, गत वेगळी नाही. बुरशीजन्य रोगावर ते उपयुक्त असले तरी फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंनाही ते मारते. त्यामुळे आजारी माशावर त्याचा उपचार वेगळ्या भांड्यात करणेच श्रेयस्कर.

पाणी बदलताना आठवड्यातून एकदा वीस ते पंचवीस टक्के एवढे प्रमाण पुरेसे आहे. साठ सेंटिमीटर लांब आणि तीस सेंटिमीटर रुंद व उंच टाकीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता ते चाळीस-पंचेचाळीस लिटर भरते, म्हणजे दहा लिटरची एक बादली दर आठवड्याला बदलली तरी भागते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मासे आणि उपयुक्त जिवाणू या दोहोंना मारक आहे. उघड्या बादलीत पाणी चोवीस तास ठेवल्यास क्लोरीन बहुतांशी उडून जातो, परंतु शुद्धीकरणासाठी क्लोरामिन वापरले असल्यास तसे होत नाही. तेथे क्लोरीनरोधक म्हणून मिळणाऱ्या सोडियम थायोसल्फेटने क्लोरीनचा अंश निष्प्रभ होतो, मात्र त्यातून अमोनिया मोकळा होतो, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच तो दोन-तीनदा पिळून घ्यावा.

हिरव्या पाण्याची कथा वेगळी आहे. ते एकपेशीय शैवालाचे असते आणि माशांना त्याचा सहसा त्रास नसतो. इतकेच नव्हे, तर मत्स्यबीज पोसणारे व्यावसायिक पिलांच्या सूक्ष्म आहारासाठी असे पाणी मुद्दाम तयार करतात. दिवाणखान्यात ते नको असल्यास टाकी खिडकीच्या थेट उन्हातून हलवावी, दिवा दिवसातून सात-आठ तासच लावावा आणि तरीही फरक न पडल्यास जाड कापडाने टाकी तीन-चार दिवस पूर्ण झाकून ठेवावी. मेलेले शैवाल कुजून नवा अमोनिया तयार होतो आणि प्राणवायू खर्ची पडतो, म्हणून या काळात हवेचा पंप बंद करू नये व कापड काढताच काही पाणी बदलावे.

काच साफ राहावी म्हणून ‘सकर’ नावाने विकला जाणारा मासा आणण्याचा सल्लाही सरसकट दिला जातो. हा मासा काचेवरचे शैवाल खातो, पाण्यात तरंगणारे शैवाल किंवा जिवाणू नव्हे. शिवाय तो वाढून तीस सेंटिमीटरहून मोठा होतो आणि छोट्या टाकीत स्वतःच सर्वाधिक घाण करतो. मग तो जवळच्या तलावात सोडून दिला जातो. मूळच्या दक्षिण अमेरिकेतील या माशाने देशातील अनेक राज्यांच्या जलाशयांत अशाच प्रकारे शिरकाव केला असून त्याच्या खडबडीत, काटेरी शरीराने मच्छीमारांची जाळी फाटतात.

वीज दीर्घकाळ खंडित झाल्यास बंद डब्याच्या फिल्टरमधील पाणी साचून राहते आणि प्राणवायूअभावी आतील जिवाणू मरू लागतात. अशा वेळी वीज येताच फिल्टर तसाच सुरू केल्यास ते कुजके पाणी टाकीत उतरते. आधी फिल्टरमधील पाणी ओतून द्यावे, स्पंज टाकीच्या पाण्यात पिळावा आणि मगच बटण दाबावे. त्यानंतरचे एक-दोन दिवस माशांना खाद्य अगदी बेताचे द्यावे.