बेसमेंटमधलं बाळंतपण

परवा भाचीने फोनवर विचारलं, "मामा, तुझ्याकडे खरंच निमो होते?"

होते! नुसते होते असं नाही, मी त्यांची बाळंतपणंसुद्धा केली आहेत. ताईला आठवत असेल, २००६ च्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. रात्री दहा वाजता मी टॉर्च आणि स्वयंपाकघरातला मग घेऊन बेसमेंटमध्ये उतरायचो. दोन-तीन दिवस तिने पाहिलं आणि मग हिला हळूच विचारलं, "हा रोज कुठे जातो गं?"

तर त्याची ही गोष्ट. अर्थात माझी कमी आणि इतरांचीच जास्त.

क्लाउनफिशची जोडी जमली की मादी एखाद्या गुळगुळीत जागी अंडी चिकटवते. आमच्याकडे तिने मातीची कुंडी पसंत केली होती. त्यानंतर सगळी सेवा नराकडे. तो पंखांनी वारा घालतो, तोंडाने अंडी साफ करतो, खराब झालेली खाऊन टाकतो. आई खुर्ची टाकून बघत बसायची. "बाप राखण करतोय आणि ही बया खुशाल हिंडतेय!" असा शेरा तिने मारला होता. मादी मेली तर हाच नर पुढे मादी होतो, हे १९७७ साली फ्रिके दांपत्याने प्रसिद्ध केलं होतं. ते मी तिला सांगितलं, तेव्हा तिने माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं.

सातव्या-आठव्या दिवशी अंड्यांत चंदेरी डोळे चमकायला लागतात, आणि दिवे मालवल्यावर तासा-दोन तासांत पिल्लं बाहेर येतात. जेमतेम तीन-चार मिलिमीटरची, काचेसारखी. टॉर्च धरला की उजेडाकडे धावतात, तेवढ्यात मगाने उचलून घ्यायची. पहिल्या रात्री आई माझ्याबरोबर बारा वाजेपर्यंत टॉर्च धरून उभी होती. चौथ्या दिवशी सकाळी टाकीच्या तळाशी पांढरा गाळ होता. बस्स. त्या दिवशी तिने चहासुद्धा न बोलता केला.

मेली ती उपाशी. त्यांच्या पोटात अंड्यातली शिदोरी असते ती फार तर दिवसभराची. पुढे तोंडात मावेल असं आणि हलणारं काहीतरी हवं असतं. मी घातली होती ब्राइन श्रिम्पची ताजी पिल्लं. हा काही माझा शोध नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मत्स्यालयातल्या अल्विन सील यांनी १९३३ मध्ये आणि नॉर्वेच्या रोलेफसेन यांनी १९३९ मध्ये हे खाद्य माशांच्या पिल्लांना चालतं असं दाखवलं होतं. याची सुकी अंडी डब्यात वर्षानुवर्षं टिकतात, मिठाच्या पाण्यात टाकली की दिवसभरात जिवंत खाऊ तयार! पण ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. पहिल्या दिवशीच्या क्लाउनफिशला ते म्हणजे तान्ह्या बाळाला अख्खा लाडू.

अडचण सुटली ती भलतीकडेच. जपानमध्ये ईल माशांच्या तळ्यांत एक जुनं दुखणं होतं. हिरवंगार पाणी अचानक रंग बदलायचं, प्राणवायू कमी व्हायचा आणि मासे गुदमरायचे. त्यामागे अनेकदा असायचा रोटिफर नावाचा सूक्ष्म जीव, जो पाण्यातलं शैवाल फस्त करून बेसुमार वाढायचा. ताकाशी इतो या उपद्रवाचा अभ्यास करत होते. त्यांनी उलटा विचार केला. एवढ्या वेगाने वाढतो ना, मग मुद्दाम वाढवू या! १९६० मध्ये त्यांनी समुद्राच्या पाण्यात रोटिफर वाढवण्याविषयी लिहिलं, आणि पुढच्या काही वर्षांत जपानमध्ये माशांच्या पिल्लांना तो खाऊ म्हणून मिळू लागला. आकार साधारण एक ते तीन दशांश मिलिमीटर. म्हणजे घास बरोबर मापाचा. एका धंद्यातली कीड दुसऱ्या धंद्याचं दूध झाली. (मला हा सगळ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. हिला वाटत नाही.)

मग फ्लोरिडातले सागरी जीवशास्त्रज्ञ मार्टिन मो. १९७२-७३ च्या सुमारास त्यांनी घरच्या गॅरेजमध्ये ऑसेलारिस जातीचे क्लाउनफिश वाढवले आणि विक्रीइतक्या संख्येने तयार केले. तोपर्यंत दुकानातला जवळपास प्रत्येक समुद्री मासा प्रवाळातून पकडून आणलेला असायचा. गोड्या पाण्याचे गप्पी घरोघरी व्हायचे, पण समुद्राचा मासा घरी होणं नाही, असाच समज होता. मो यांनी पुढे १९८२ मध्ये हौशी लोकांसाठी पुस्तकही लिहिलं, सगळं हातचं न राखता. धंदेवाईक माणसाने हे करावं याचं मला कौतुक वाटतं.

असो. मी रोटिफर मागवले. शैवाल वाढवायचा कंटाळा, म्हणून त्यांना बेकरीचं यीस्ट घातलं. ते झकास वाढले. पिल्लं पोटभर खात होती आणि तरीही नवव्या दिवशी पटापट मेली. नंतर वाचलं, की जपानी हॅचऱ्यांनी खर्च वाचवायला नेमकं हेच केलं होतं आणि त्यांचीही पिल्लं ढिगाने गेली होती. वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात कारण शोधलं. नुसत्या यीस्टवरच्या रोटिफरमध्ये समुद्री पिल्लांना लागणारी ओमेगा-३ मेदाम्लं पुरेशी नसतात. पोट भरतं, पण पोषण होत नाही. तीस वर्षांपूर्वीची चूक मी आळसापायी पुन्हा करून पाहिली होती.

आईचं परतीचं तिकीट सप्टेंबरचं होतं. तिसरी खेप तिच्या जाण्यानंतर आठवड्याने झाली. या वेळी हिरव्या पाण्याच्या बाटल्या खिडकीत उन्हाला लावल्या होत्या, टाकीला बाहेरून काळा कागद चिकटवला होता. दहाव्या-अकराव्या दिवशी त्या काचेच्या काड्यांना डोक्याशी पांढरा पट्टा दिसायला लागला. म्हणजे मासा झाला! मोजले तर अकरा.

रात्री साडेअकराला पुण्याला फोन लावला. तिथे सकाळ. आईने आधी विचारलं, "बाप काय करतोय?" मी म्हटलं, पुढच्या अंड्यांना वारा घालतोय.

अकरांतला शेवटचा २०१९ पर्यंत होता. भाचीला आता टाकी हवी आहे. ताई, तू नको म्हणशील हे ठाऊक आहे. पण निदान तिला प्रवाळातून पकडलेला नको, हॅचरीतला घे. आपल्याकडेही सीएमएफआरआयने मंडपम आणि विझिंजमला ही पिल्लं वाढवून दाखवली आहेत. आणि कुंडी मातीचीच ठेवा.