एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ : एका निवडीचा विचार

महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या यादींत ओ. पी. मेहरा (१९८०-८२) व इद्रिस हसन लतीफ (१९८२-८५) हीं नांवें लागोपाठ येतात. दोघेही माजी वायुसेनाप्रमुख. दोघांचीही नोकरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सुरू झालेली. सेनाधिकाऱ्यास निवृत्तीनंतर मिळणारें असें पद म्हणजे मागील चाकरीचें बक्षीस, असा सामान्य समज आढळतो. लतीफ यांच्या बाबतींत तो अपुरा आहे, असें आमचें मत असून त्याचीं कारणें १९४७ सालांत शोधलीं पाहिजेत.

लतीफ यांचा जन्म ९ जून १९२३ रोजीं हैदराबाद येथें झाला. निजाम कॉलेजांत शिकून १९४१ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, ते हिंदी वायुदलांत शिरले. प्रथम कराचीच्या किनाऱ्यावर पाणबुड्यांच्या टेहळणीचें काम त्यांजकडे आलें. त्यासाठीं मिळालेलीं वापिटी, ऑडॅक्स इत्यादि विमानें उघड्या बैठकीचीं व जुनाट होतीं. १९४३-४४ मध्यें इंग्लंडांत त्यांनीं हरिकेन व स्पिटफायर विमानें चालविलीं आणि परत येऊन ब्रह्मदेशच्या मोहिमेंत भाग घेतला.

फाळणींत सैन्याचीही वांटणी झाली, तेव्हां येथील मुसलमान अधिकाऱ्यांपुढें निवडीचा प्रश्न उभा राहिला. असगर खान व नूर खान या जुन्या सहकाऱ्यांनीं लतीफ यांस पाकिस्तानांत येण्याविषयीं आग्रह केला. हे दोघेही पुढें तेथील वायुदलाचे प्रमुख झाले. धर्म आणि देश यांची आपण गल्लत करीत नाहीं, अशा आशयाचें उत्तर देऊन लतीफ येथेंच राहिले. या उत्तराचें मोल ठरवितांना हैदराबादची तत्कालीन स्थिति लक्षांत घेतली पाहिजे. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं निजामाचें संस्थान भारतांत सामील झालेलें नव्हतें. तें सप्टेंबर १९४८ मध्यें झालें. म्हणजे त्यांनीं जो देश पत्करला, त्यांत त्यांची जन्मभूमि अद्याप आलेलीच नव्हती. जन्मस्थानाचा आधार नाहीं, मित्रांची ओढ पलीकडे, अशा वेळीं त्यांची निष्ठा नुकत्याच घडत असलेल्या राज्यावर जडली.

पुढील वाटचाल थोडक्यांत सांगतां येते. १९७१ च्या युद्धकाळीं वायुसेनेच्या योजना-विभागाची जबाबदारी त्यांजकडे होती. १ सप्टेंबर १९७८ रोजीं त्यांनीं हृषीकेश मूळगांवकर यांजकडून सेनाप्रमुखपदाचीं सूत्रें घेतलीं. हें पद भूषविणारे ते पहिले मुसलमान अधिकारी होत. त्यांच्या कारकीर्दींत, १९७९ सालीं, जग्वार विमानें दाखल झालीं. ऑगस्ट १९८१ मध्यें निवृत्त होण्यापूर्वीं त्यांनीं स्वतः मिग-२५ विमानांतून उड्डाण केलें.

मार्च १९८२ मध्यें ते मुंबईस राज्यपाल म्हणून आले, तेव्हां सुमारें अडीच लक्ष गिरणी-कामगारांचा संप चालू होता. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें मुंबईच्या पोलिसांत असंतोष उसळला, आणि मे १९८४ मध्यें भिवंडी व मुंबई येथें हिंदु-मुसलमानांचे भीषण दंगे झाले. राज्यपालानें मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें चालावयाचें असतें. सबब या घटनांचें श्रेय वा दोष त्यांच्या पदरीं घालणें इतिहासास धरून होणार नाहीं. परंतु हुकूम देण्याची सवय जडलेल्या पुरुषानें सल्ल्याच्या मर्यादेंत राहणें, हीही एक सेवाच होय. शिवाय दंगलीच्या त्या दिवसांत राज्याच्या प्रमुखपदीं असलेल्या गृहस्थानें सदतीस वर्षांपूर्वींच धर्मावरून देश ठरविण्यास नकार दिला होता, ही गोष्ट इतिहासकारानें नोंदविली पाहिजे.

१९८५ ते १९८८ पर्यंत ते फ्रान्समध्यें भारताचे राजदूत होते. ३० एप्रिल २०१८ रोजीं हैदराबाद येथें त्यांचें निधन झालें. पदांची यादी लांबलचक आहे. परंतु त्यांतील प्रत्येक पद १९४७ च्या त्या एका उत्तरानंतरचें आहे, व त्या उत्तराच्या वेळीं यांपैकीं एकाचीही हमी त्यांस कोणीं दिलेली नव्हती.